ज्वारी महागली त्या वर्षीची शेवंताक्का

शेवंताक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती माझ्या चपलांबद्दल. सोलापुरातल्या एका गिरणीच्या चाळीत मी तक्त्यांचं बाड काखेत मारून उभी होते. कामगारांची घरं महिन्याचा पगार कशाकशावर घालवतात याची सरकारी पाहणी चालली होती. बायका बाईमाणसाशी मोकळेपणानं बोलतील अशी कचेरीची समजूत, म्हणून मुलींच्या शाळेतून मला उचलून या कामावर नेमलं होतं. ती समजूत किती खोटी होती ते पुढं येईलच. दारात ज्वारी पाखडत बसलेल्या एका उंच, हाडकुळ्या बाईनं सूप खाली ठेवलं, माझ्या पायांकडं पाहिलं आणि विचारलं, "कितीला घेतल्या?"

मी किंमत सांगितली.

"आन् त्या पैशात दुसरं काय आलं असतं?"

असा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता.

"तीन म्हैन्याचं करडीचं त्याल आलं असतं," तिनंच सांगितलं. मग माझं तोंड पडलेलं पाहून म्हणाली, "पन हितं उन्हात पाय भाजत्यात की. घेतल्या ते बरं केलं. बसा."

हा तिचा प्रश्न साऱ्या चाळीला पाठ होता. कुणी नवं लुगडं नेसून आलं, कुणी पितळी तांब्या आणला, कुणाच्या नवऱ्यानं तमाशाला पैसे उडवले, की शेवंताक्का विचारायची, "आन् त्या पैशात दुसरं काय आलं असतं?" त्यात टोमणा नसायचा. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. काही बायका मात्र नवी वस्तू पदराखाली लपवून तिच्या दारावरून जात. शेजारची तेलुगू विणकराची बायको नरसम्मा तिची जिवाभावाची मैत्रीण, पण तिनंसुद्धा नाकातली चमकी आठ दिवस लपवली होती.

शेवंताक्का अक्कलकोटकडची. गिरणीत रीळ खात्यात कामाला होती आणि नवरा साचेखात्यात, मागांवर. नवरा पगार आणून तिच्या ओंजळीत टाकायचा, बिडीपुरते पैसे मागून घ्यायचा आणि पुन्हा महिनाभर त्या विषयावर तोंड उघडायचा नाही. दोन मुलगे घरात होते आणि मुलगी चंद्रा मोडनिंबला दिलेली होती. बाकी तिचं चरित्र मला ठाऊक नाही. विचारायला गेले असते तर तेवढ्या वेळात दुसरं काय झालं असतं, असं तिनं मलाच विचारलं असतं.

तिची खरी मातब्बरी पाहायची तर मंगळवारच्या बाजारात. मी एकदा हट्टानं तिच्याबरोबर गेले. ती पिशवी घडी करून कमरेला खोचायची आणि सगळा बाजार एकदा रिकाम्या हातांनी फिरायची. भाव विचारायची, माल चोळून बघायची, मराठी दुकानदाराशी मराठीत आणि कानडी दुकानदाराशी कानडीत घासाघीस करायची, आणि काही न घेता पुढं जायची. दुकानदार वैतागायचे. मीही वैतागले, कारण ऊन मी म्हणत होतं. सगळी फेरी झाल्यावर ती एका हातगाडीच्या सावलीला टेकली आणि डोळे मिटून बसली. मला वाटलं घेरी आली.

"काय होतंय, आक्का?"

"काय न्हाय. सैपाक करतीया."

ती खरोखरच मनातल्या मनात आठवडाभराचा स्वयंपाक करत होती. त्या दिवशी तूरडाळ चढली होती आणि हुलगा उतरला होता, तर तिच्या मनातल्या चुलीवरून आमटी उतरली आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं चढलं. तेल महागलं होतं म्हणून फोडणीची भाजी गेली आणि ठेचा आला. शेंगदाणे स्वस्त दिसले तेव्हा शेंगाची चटणी ठरली आणि चटणी आहे म्हटल्यावर एक दिवसाची भाजीच रद्द झाली. मग ती डोळे उघडून उठली आणि पाव तासात सगळी खरेदी उरकून मोकळी झाली.

"घरनं ठरवून आलं तर बाजार तुमास्नी फशिवतो," ती म्हणाली. "भाजी बाजार ठरीवतो बाई, मीठ तेवढं आपलं."

मी कॉलेजात जाऊन आलेली बाई. पुस्तकातल्या आडव्या-उभ्या रेघा काढून मी परीक्षेत मार्क मिळवले होते. एक वस्तू महागली की माणूस दुसरीकडं वळतो, हे त्या रेघांत दाखवलेलं असे. पण वळायला किती चालावं लागतं, हे काही त्या पुस्तकात नव्हतं.

आता त्या खोट्या समजुतीकडं येते. बाईमाणूस म्हणून बायका माझ्याशी मोकळेपणानं बोलतील, असं कचेरीला वाटलं होतं. झालं उलटंच. बाप्या गेला असता तर बायकांनी पदर ओढून दोन शब्दांत वाटेला लावलं असतं. मी बाई, त्यातून दारी आलेली, चटईवर बसवून गूळपाणी दिलेली, म्हणजे पाहुणीच. आणि पाहुणीला आपल्या घरात काय कमी आहे ते कुणी सांगतं का? मी विचारायचे, "डाळ किती वेळा करता?" उत्तर यायचं, "रोज की." "गहू?" "सणावारी तर हायच, एरवी बी असतोय." "मटण?" "हर आयतवारी." पाठीमागं मुलं तोंडं वासून ऐकत असायची. मी हे सगळं टाकानं तक्त्यांत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. शेवंताक्कानंही तेच सांगितलं, आणि तेही जरा चढवून. तिच्या तक्त्यात तर तूपसुद्धा होतं.

पुढं पाऊस दगा देऊन गेला आणि ज्वारी भडकली. गिरणीचं स्वतःचं धान्याचं दुकान होतं. तिथं कामगारांना बाजारापेक्षा थोड्या कमी भावानं ज्वारी मिळे. बाजार चढला तसा दुकानाचा भावही चढला, तरी सवलत होती म्हणून चाळ तग धरून होती. दुकानावरच्या अंमलदारांना सगळे स्टोअरसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण हिशेबापलीकडं त्याला दिसत नसे. एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तुमचे तक्ते जरा बघू," ते म्हणाले. मी दिले. द्यायला नको होते, हे मला आज कळतं.

ते वाचत गेले आणि मान हलवत गेले. मग म्हणाले, "भाव वाढला की खप कमी होतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. माझ्याकडं भाव वाढला आणि ज्वारीचा खप वाढला. माणसं तीच आणि घरंही तीच. आधीही सगळी इथूनच घेत होती. आणि तुमचे तक्ते सांगतात, यांच्याकडं रोज डाळ, रविवारी मटण. मग ही जास्तीची ज्वारी जाते कुठं? बाहेर बाजारभावानं विकतात. सवलत घ्यायची आणि धंदा करायचा. सोमवारी मी वर लिहून देणार आहे, पुढच्या महिन्यापासून सवलत बंद."

तक्त्यांत सगळं माझ्याच अक्षरात होतं.

मी तडक चाळीत गेले. शेवंताक्का नुकतीच पाळीवरून आली होती. केसांत सुताचे धागे अडकलेले होते. मी सगळं सांगितलं. माझा आवाज चढला असावा, कारण नरसम्माही येऊन दारात उभी राहिली.

"तुम्ही खोटं का सांगितलंत मला?" मी म्हणाले.

"तू पावनी हुतीस," शेवंताक्का म्हणाली. त्या दिवसापासून ती मला अगंतुगं करायला लागली.

"आणि ज्वारी? खरंच विकता?"

ती हसली. मला त्या हसण्याचा राग आला आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं.

"अगं बाई, पगार किती? तेवढाच. जवारी महागली, मग काय सोडायचं? जवारी सोडली तर पोट रिकामं. मग आमी मटान सोडलं. डाळ सोडली. त्याल कमी क्येलं. त्यास्नी पोटात जागा हुती का न्हाय? ती रिकामी झाली. ती कशानं भरायची? जवारीनंच की. महागली तरी पोट भराया सगळ्यात स्वस्त तीच हाय."

मी चटईवर बसून राहिले. मटण सोडून वाचलेले पैसे ज्वारीला जात होते, आणि त्यातून जास्त भाकरी होत होती. ज्वारी महाग झाली म्हणूनच ती जास्त लागत होती. त्या बाईच्या दोन वाक्यांनी माझ्या डोक्यातल्या रेघा उलट्या केल्या, आणि खरं सांगायचं तर त्या मला तशाच बरोबर वाटल्या.

"हे साहेबांना पटायचं नाही," मी म्हणाले.

"बोलून न्हाईच पटनार. आयतवारी जेवायच्या वक्ताला बोलव त्यास्नी. झाकणं उघडून दाखवू."

नरसम्मानं कपाळाला हात लावला. दुसऱ्याच्या भांड्यावरचं झाकण उघडायचं नाही, हा चाळीचा कायदा होता. भिंती एवढ्या पातळ होत्या की शेजारच्या घरातलं भांडण सगळ्यांना ऐकू यायचं, पण शेजारी काय शिजलंय ते कुणी विचारत नसे. मूल दुसऱ्याच्या चुलीकडं टक लावून बघायला लागलं तर आई त्याला चिमटा काढून घरी न्यायची. तरीही रविवारपर्यंतच्या तीन दिवसांत शेवंताक्कानं घरोघर जाऊन बायकांना तयार केलं. काही रडल्या, काही भांडल्या. एकजण म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, आक्का."

"मूठ झाकून ठिवली तर तिच्यात जवारी कुटनं पडायची?" शेवंताक्कानं विचारलं. त्या बाईलाही ते पटलं.

रविवार उजाडला, आणि सकाळी मोडनिंबहून तिची विहीणबाई येऊन थडकली. न सांगता, सासरीच जन्मलेल्या नातवाच्या बारशाचं बोलणं करायला. चंद्राचं लग्न ठरलं तेव्हा याच विहीणबाईंना या घरी तुपाची पोळी वाढली होती आणि "आमच्यात हे रोजचंच" असं सांगितलं होतं. विहीण शेतकरी घरातली, नाकानं कांदे सोलणारी, आणि तिनं त्या शब्दांवर विश्वास ठेवून सोयरीक केली होती. मी दुपारी स्टोअरसाहेबांना घेऊन गेले तर ती पाटावर बसलेली. मी शेवंताक्काला बाजूला घेतलं.

"पुढच्या रविवारी करू. मी साहेबांची समजूत घालते."

"सोमवारी ते लिवणार न्हवं का?"

"मग नरसम्माच्या घरापासून सुरू करू. तुझं घर राहू दे. कुणी काही म्हणणार नाही."

"मीच सगळ्यांस्नी झाकणं उघडाया लावली," ती म्हणाली, "आन् माजं झाकून ठिवू?"

ती आत गेली. साहेब उंबऱ्यातच उभे होते. विहीणबाई पदर सावरून पाहत होत्या. शेवंताक्कानं चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढून जमिनीवर ठेवलं. आत हुलग्याचं माडगं होतं, इतकं पातळ की पातेल्याचा तळ दिसत होता. तेलाची बुधली तिनं उपडी करून दाखवली. मग भाकरीच्या टोपलीवरचं फडकं ओढलं. भाकऱ्यांची चळत गुडघ्याएवढी होती.

"ह्ये बगा साहेब. तुमच्या दुकानातली जवारी. हितं हाय सगळी. पैलं डाळ हुती तवा येवढ्या भाकरी लागत न्हवत्या. आता कालवण न्हाय, मग पोरं भाकरीवर भाकरी खात्यात. जवारी इकाया कुटनं शिल्लक राहनार?"

साहेब उपड्या बुधलीकडं बघत राहिले. विहीणबाईंनी पाट मागं सरकवला. मुलं मात्र भाकरीकडं बघत होती, कारण भूक लागली होती आणि हा तमाशा कधी संपतो याचीच ती वाट पाहत होती.

मग नरसम्माचं घर झालं. तिथं चिंचेचं पाणी आणि भाकरी. तिसऱ्या घरात मिरचीचा गोळा आणि भाकरी. चौथ्या घराच्या बाईनं झाकणाला हात घातला तसे साहेब म्हणाले, "राहू द्या." त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. शेवंताक्काकडं वळून ते म्हणाले, "तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?" तोवर चाळीतल्या कुठल्याही बाईला त्यांनी 'तुम्ही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"आदी कुनी इचारलं न्हाय, साहेब. इचारलं ते ह्या बाईनं, आन् तिला आमी खोटं सांगितलं."

सवलत नवं पीक येईपर्यंत चालू राहिली. साहेबांनी वर काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. मी माझे तक्ते फाडले आणि सगळे नव्यानं भरले. कचेरीनं त्याबद्दल मला बरंच सुनावलं. या खेपेला कुणी तूप सांगितलं नाही.

विहीणबाई मात्र त्या दुपारी जेवल्या नाहीत. "आमास्नी सांगितलं हुतं तसं काय दिसंना हितं," एवढंच म्हणाल्या आणि संध्याकाळची गाडी धरून गेल्या. बारशाला शेवंताक्काला बोलावणं आलं नाही. नागपंचमीला चंद्राला माहेरी धाडलं नाही, दिवाळीलाही नाही. नातू रांगायला लागला तरी आजीनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. मला याची फार बोच होती. माझ्या तक्त्यांनी हे सगळं सुरू केलं होतं. एकदा मी तसं तिच्याजवळ बोलले.

"तुज्यामुळं न्हाय, माज्या तुपामुळं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "रुसवा उतरतोय, बाई. चाळीतली पोरं मातर सवलतीबिगर नवं पीक येईस्तवर वाळली असती." आणि मग तोंड फिरवून बराच वेळ जातं साफ करत राहिली. जातं आधीच स्वच्छ होतं. मी तिथून उठले नाही. तिच्याजवळ नुसतं बसून राहण्यापलीकडं मला काही सुचत नव्हतं.

पुढं माझी बदली झाली. पत्र लिहायचं तर तिला वाचता येत नव्हतं, आणि नरसम्माच्या मुलाकडून लिहून घेतलेलं एक पत्र आलं त्यात फक्त बाजारभाव होते. चंद्राला आता सणाला धाडतात, एवढी एक ओळ खाली होती. विहीण मात्र चाळीची पायरी चढत नाही, असंही त्यात होतं.

काही वर्षांनी जगभर मंदी आली आणि धान्याचे भाव कोसळले. त्या सुमाराला मी कामानं सोलापुरात होते. मंगळवार होता म्हणून बाजारात गेले. ज्वारीचे ढीग लागलेले होते आणि व्यापारी गिऱ्हाईकांना हाका मारमारून बोलावत होते. खेड्यांतून आलेले शेतकरी गप्प बसले होते. स्वस्ताई म्हणजे कुणाच्या तरी कणगीचं नुकसान, हे त्यांच्याकडं पाहून कळत होतं.

गर्दीत एक उंच बाई दिसली. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र ताठ होती. मी हाक मारायच्या आत तिची आणि एका दुकानदाराची जुंपलेली ऐकली.

"आक्का, इतकी स्वस्त कवा मिळायची? चार पायल्या घ्या."

"दोन दे."

"आवो, महाग हुती तवा तुमीच गिरणीच्या दुकानातनं चार न्येत हुता, साऱ्या बाजाराला ठावं हाय."

"व्हय. आता स्वस्त हाय, म्हणून दोन."

दुकानदार माप हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला वाटलं बाईचं काही तरी बिघडलंय. त्यानं माझ्याकडं मदतीसाठी पाहिलं. जे मी मुंबईच्या कचेरीला पानंच्या पानं भरून लिहिलं होतं, ते त्याला दोन वाक्यांत सांगता येईना. शेवंताक्कानं मला पाहिलं, ओळखलं, आणि कसलीही विचारपूस न करता अर्धी भरलेली पिशवी माझ्या हातात दिली. आत तूरडाळ होती, करडईच्या तेलाची बुधली होती आणि गव्हाची पुरचुंडी होती.

"बिगी बिगी चल," ती म्हणाली. "मटानवाल्याकडं रांग लागली आसंल. चंद्रा यायची हाय पोराला घिऊन. इहीनबाय बी येणार हाय." आणि गर्दीत शिरता शिरता मागं वळून म्हणाली, "ह्या खेपेला झाकण तिलाच उघडाया लावनार हाय."